बीट बसत नाहीत? डीजे सॉफ्टवेअरवर मिक्स करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरज, तासगाव, विटा, जत या भागातली पोरं गणपती आणि लग्नसराईच्या तोंडावर जे प्रश्न पाठवतात, ते इथं जमेल तितके त्यांच्याच भाषेत ठेवले आहेत. कुणी व्हर्च्युअलडीजे वापरतं, कुणी रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर (सॉफ्टवेअर, डॉल्बी ओढणारा नव्हे) किंवा फुकट मिळणारं मिक्स्क्स. मेनूतली नावं थोडी इकडं-तिकडं होतील, पण दुखणं सगळीकडं सारखंच असतं. एकच उत्तर दोनदा लिहिलेलं नाही, त्यामुळे 'प्रश्न अमुक पाहा' असं दिसलं तर तिकडं जा.

१. दादा, बीट मॅचिंग म्हणजे दोन्ही गाण्यांचा बीपीएम सारखा करायचा, एवढंच ना?

एवढ्यानं भागत नाही. चालू गाण्यावर दुसरं गाणं न अडखळता चढवायचं (हाच मिक्स), तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली वेग, म्हणजे मिनिटाला किती ठोके, हाच बीपीएम. दुसरी ठोक्याची जागा. दोन्ही गाणी १२८ वर असली तरी एकाची किक (ड्रमचा जाड 'धम' ठोका) दुसऱ्याच्या दोन किकच्या बरोबर मधोमध पडू शकते. तिसरी सम: चार मात्रांतली पहिली मात्रा दोन्हीकडं एकदम यायला हवी.

१२८ बीपीएमला एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत ४६९ मिलिसेकंद जातात. त्यातले वीस-तीस जरी मागंपुढं झाले, तरी किक एकसंध न वाटता घोड्याच्या टापा पडल्यासारखी दुहेरी ऐकू येते. नाचणाऱ्याला कारण कळत नाही, पण त्याचा पाय अडखळतो.

२. मिक्स फाटतोय हे कळतं. पण चूक नेमकी कुठं आहे ते कसं शोधायचं?

कुठल्याही बटणाला हात लावायच्या आधी एकच गोष्ट ठरवा: मिक्स सुरुवातीपासूनच चुकलेला असतो, की नीट सुरू होऊन हळूहळू सरकत जातो? इथं येणाऱ्या निम्म्याहून जास्त प्रश्नांचं उत्तर यातच मिळतं, आणि नेमकं हेच कुणी लिहून पाठवत नाही.

सुरुवातीला चुकला आणि शेवटपर्यंत तेवढाच चुकलेला राहिला, तर वेग बरोबर आहे, जागा चुकली आहे. ग्रिड (गाण्यावर आखलेल्या ठोक्यांच्या रेघा, प्रश्न ३) सरकलेलं असेल, क्यू पॉइंट (गाणं जिथून सोडायचं ती खूण) चुकीच्या ठिकाणी असेल किंवा आवाज कुठंतरी उशिरा पोहोचत असेल (प्रश्न ५ आणि १४). नीट सुरू होऊन सरकत गेला, तर वेगातच फरक आहे (प्रश्न ३ आणि १०). नीट चालता चालता एकदम उडी मारली, तर लॅपटॉप अडखळला (प्रश्न १६), जॉगला (गाणं पुढं-मागं ढकलायच्या चाकाला) कुणाचा तरी हात लागला, नाहीतर त्या गाण्यातच मध्ये वेग बदलतो.

मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात तंबोरा जुळवताना ऐकला असेल. दोन तारा जवळपास एका स्वरात आल्या की आवाजात एक हेलकावा येतो. तारा जितक्या जवळ येतील तितका तो संथ होत जातो आणि पुरत्या जुळल्या की नाहीसा होतो. गाण्यांच्या वेगाचंही तसंच आहे. पाच-सहा सेकंदांत सुटत असतील तर फरक मोठा, दोन मिनिटांनी सुटत असतील तर तो दशांश चिन्हाच्या पलीकडं शोधायचा. १२८ च्या आसपास ०.१ बीपीएमचा फरक असेल, तर एका मिनिटात गाणी साधारण ४७ मिलिसेकंदांनी सरकतात. म्हणजे मिनिटभरातच टापा सुरू.

३. दोन्ही डेकवर (एकेक गाणं वाजवणाऱ्या खान्यांवर) १२८.०० दिसतंय, तरी गाणी सुटतात. असं कसं?

कारण तो आकडा गाण्यात लिहिलेला नसतो. सॉफ्टवेअरनं गाणं ऐकून बांधलेला तो अंदाज असतो. गाणं पहिल्यांदा लोड केलं की सॉफ्टवेअर ठोके शोधतं, त्यावरून वेग ठरवतं आणि पूर्ण गाण्यावर समान अंतरानं रेघा आखतं. याच रेघांना बीटग्रिड म्हणतात. सिंक (गाणी आपोआप जुळवणारं बटण), क्वांटाइज (दाबलेलं बटण जवळच्या रेघेवर बसवणारी सोय), लूप (तोच तुकडा फिरवत ठेवणं), ठोक्यावर चालणारे इफेक्ट हे सगळे त्या रेघांकडं बघून काम करतात. गाण्याकडं कुणीच बघत नाही.

आता समजा गाणं खरोखर १२८ चं आहे आणि सॉफ्टवेअरनं १२७.९५ काढलं. फरक क्षुल्लक वाटतो. पण पाच मिनिटांच्या गाण्यात शेवटपर्यंत तो ११७ मिलिसेकंदांवर जातो, म्हणजे पाव ठोका. आणि आपण मिक्स कुठं करतो? गाण्याच्या शेवटीच. पहिल्या मिनिटाला ग्रिड बरोबर दिसलं म्हणून पोरं निश्चिंत होतात ती इथं फसतात.

दुसरं एक कारण त्याहून साधं आहे. स्क्रीनवर एकच दशांश दिसत असेल, तर १२७.९६ आणि १२८.०४ दोन्ही १२८.० च दिसणार. सेटिंगमध्ये जाऊन दोन दशांश दिसतील असं करा.

इलेक्ट्रॉनिक गाणी कॉम्प्युटरवर बनतात आणि बनवणारा बहुतेक वेळा १२६, १२८, १३८ असा पूर्ण आकडाच ठेवतो. त्यामुळे अशा गाण्यावर १२७.९८ दिसलं तर आधी संशय सॉफ्टवेअरवर घ्या. मात्र रेकॉर्डवरून किंवा कॅसेटवरून उतरवलेल्या गाण्याला हा नियम लावू नका. तिथं अपूर्णांक खराही असू शकतो.

४. मग ग्रिड दुरुस्त कसं करायचं? बटणं बघूनच भीती वाटते.

घरी, हेडफोन लावून, एका वेळी एक गाणं घ्या. वेव्हफॉर्म (स्क्रीनवरचा आवाजाचा आलेख) पूर्ण मोठा करा आणि पहिली स्वच्छ किक शोधा. गायनावर किंवा टाळीवर जाऊ नका, किकच हवी. तिच्या उंचवट्याच्या मधोमध नव्हे, तर जिथून ती चढायला लागते त्या अगदी डाव्या कडेला रेघ आणून ठेवा. रेकॉर्डबॉक्समध्ये ग्रिडच्या पॅनेलमधून रेघा डावी-उजवीकडं सरकवता येतात. व्हर्च्युअलडीजेत गाण्यावर राइट क्लिक करून बीपीएम एडिटर उघडतो. मिक्स्क्समध्ये गाणं किकच्या कडेवर थांबवायचं आणि बटण दाबायचं. सगळ्यात जवळची रेघ तिथं येऊन बसते.

मग थेट शेवटच्या मिनिटात उडी मारा आणि तिथली एखादी किक बघा. रेघ किकच्या आधी पडत असेल तर सॉफ्टवेअरनं वेग जास्त धरलाय, बीपीएम थोडा कमी करा. रेघ किकनंतर पडत असेल तर वाढवा. ०.०१ च्या टप्प्यानं. शेवट जुळला की परत सुरुवात तपासा, कारण वेग बदलताना पहिली रेघही कधी कधी हलते. ग्रिडबरोबर वाजणारा मेट्रोनोमचा टिकटिक आवाज असेल तर तो लावून ऐका. डोळ्यांना जुळलेलं वाटतं आणि कान नाही म्हणतो, असं झालं तर कानाचं ऐका.

झाल्यावर कुलूप लावा. रेकॉर्डबॉक्समध्ये ॲनालिसिस लॉक आहे, मिक्स्क्समध्ये बीपीएम लॉक. नाहीतर कुणीतरी 'सगळी गाणी परत ॲनालाइझ करा' दाबतं आणि रविवारची सगळी मेहनत पाण्यात जाते.

५. सिंक दाबलं तरी ठोके जुळत नाहीत. बटण खराब आहे का?

बटण ठीक असतं. सिंक दोन प्रकारचं असतं: एक फक्त वेग सारखा करतं, दुसरं वेगाबरोबर ठोक्याची जागाही जुळवतं. तुमचं कुठलं चालू आहे ते आधी बघा. ट्रॅक्टरमध्ये ही निवड सेटिंगमध्ये करायची असते. सेराटोत सिंकचं बटण निळं असेल तर दोन्ही जुळतंय. तुम्ही जॉग हलवलात आणि ते सोनेरी झालं, की पुढं फक्त वेग सांभाळला जातो.

दोन्ही जुळवणारं सिंक लावूनही चुकत असेल, तर कुठल्या तरी एका गाण्याचं ग्रिड सरकलेलं आहे. सिंक रेघेवर रेघ अगदी काटेकोर बसवतं. रेघच चुकीच्या जागी असेल तर चूकही तितकीच काटेकोर होते. प्रश्न ४ कडं जा. क्वांटाइज चालू असताना हॉट क्यू (ठरवलेल्या खुणेवर उडी मारणारं बटण) दाबला की गाणं भलत्याच ठिकाणाहून सुरू होतं, ही तक्रारही याच घरातली.

६. ठोके बरोबर जुळतात, पण काहीतरी उलटं वाटतं. टाळी दोनदा ऐकू येते.

सम चुकली. एका गाण्याची पहिली मात्रा दुसऱ्याच्या दुसऱ्या किंवा चौथ्या मात्रेवर आली आहे. किक चारही मात्रांवर असते म्हणून ती जुळलेली वाटते. टाळी मात्र दुसऱ्या आणि चौथ्यावर असते, ती चुगली करते. एक ठोका पुढं किंवा मागं उडी मारा, बीट जंपचं बटण त्यासाठीच आहे.

त्याच्या वरची पायरी म्हणजे बत्तीस-चौसष्ट ठोक्यांचा तुकडा. इलेक्ट्रॉनिक गाण्यात बदल साधारण आठ किंवा सोळा आवर्तनांनी (चार मात्रांचं एक आवर्तन) होतात. १२८ ला सोळा आवर्तनं म्हणजे बरोबर ३० सेकंद. नवीन गाणं जुन्याच्या तुकड्याच्या सुरुवातीला सोडलंत, तर एकाचा ड्रॉप (ठेका पूर्ण जोरात सुरू होतो ती जागा) आणि दुसऱ्याचा शेवट आपोआप एका जागी येतात. मध्येच सोडलंत, तर ग्रिड कितीही चोख असलं तरी गाणी एकमेकांच्या अंगावर जातात. हे कुठलंही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी मोजणार नाही असं समजूनच सराव करा. तबल्याची साथ ऐकत वाढलेल्या पोरांना हे चटकन जमतं.

७. सिंक वापरणं म्हणजे चीटिंग का? सीनियर लोक हसतात.

हसू द्या. सिंकमुळं हात मोकळे राहतात आणि गाणी निवडायला डोकं मोकळं राहतं. फक्त ते बंद पडल्यावर कानानं मिक्स सावरता यायला हवा, कारण कार्यक्रमात एखादं तरी गाणं असं येतंच, जे ग्रिडला जुमानत नाही. सरावासाठी सिंक बंद करा, बीपीएमचा आकडा कागदानं झाका आणि नवीन गाण्याचा बेस पूर्ण काढून फक्त हायहॅट (झांजेसारखा बारीक ठोका) आणि टाळी ऐका. बारीक आवाजात पुढं-मागं लवकर कळतं. कोणतं गाणं पुढं पळतंय ते कळेना, तर जॉगनं एका दिशेला थोडं ढकला: सुधारलं तर दिशा बरोबर, बिघडलं तर उलटी.

८. गाणं १४० चं आहे, सॉफ्टवेअर ७० दाखवतं. कुणाचं खरं?

दोघांचंही. सॉफ्टवेअर एकाआड एक ठोका मोजतंय. डबस्टेपमध्ये आणि ड्रम अँड बेसमध्ये हे नेहमी होतं (८७ आणि १७४). दुप्पट-निम्मं करायचं बटण दाबा, झालं. वारंवार होत असेल तर सेटिंगमधली बीपीएमची कक्षा बदला.

९. हलगी, लेझीम, लावणीच्या ठेक्याची गाणी काही केल्या बसंनात. ग्रिड तिरकंच दिसतं.

आपल्याकडचा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि बाहेरच्या व्हिडिओंत याचं उत्तर सापडत नाही, कारण त्यांच्याकडं हा ठेकाच फारसा नसतो.

सॉफ्टवेअर मुळात चार मात्रांचं, मात्रेचे दोन किंवा चार समान भाग होणारं संगीत गृहीत धरतं. लावणी, कोळीगीतं आणि हलगीची बरीच गाणी सहाच्या हिशोबात चालतात: प्रत्येक मोठ्या ठोक्याचे तीन छोटे भाग. सॉफ्टवेअर त्या छोट्या ठोक्यांच्या चुकीच्या जोड्या लावतं. खरा ठेका १०० चा असतो आणि स्क्रीनवर १५० दिसतं, कारण तीनाऐवजी दोन-दोनचे गट धरले गेले. इथं दुप्पट-निम्मं करून उपयोग नाही. दीडपट किंवा दोन तृतीयांशचा हिशोब लागतो. मिक्स्क्समध्ये त्यासाठी तयार पर्यायच दिलेत: २/३, ३/४, ४/३, ३/२. बाकी ठिकाणी गाणं लावून मोठ्या ठोक्यावर टॅपचं बटण दाबत राहा. टॅप करताना हात हलगीच्या कडकडाटावर जाऊ देऊ नका. ज्यावर नाचणाऱ्याचा पाय पडतो तो ठोका पकडा.

वेग बरोबर आल्यावरही असं गाणं चार मात्रांच्या हाऊस संगीतावर लांब मिसळू नका. मोठे ठोके जुळतील, पण मधले तीन भाग आणि दोन भाग एकमेकांत अडकून खडखडाट होतो. फक्त किक असलेला तुकडा शोधा, तिथं उरका.

आणि हलगी माणसानं वाजवलेली असेल तर पुढचा प्रश्नही वाचा.

१०. जुन्या गाण्यांचं आणि बँडच्या रेकॉर्डिंगचं ग्रिड एका जागी बसवलं की दुसरीकडं सुटतं.

सुटणारच. माणूस रंगात आला की वेग वाढतो, कडव्यात सैल पडतो. समान अंतराच्या रेघा त्यावर बसूच शकत नाहीत. रेकॉर्डबॉक्समध्ये ॲनालिसिसचा डायनॅमिक प्रकार निवडून ते एकच गाणं परत तपासा. मिक्स्क्समध्ये 'वेग स्थिर आहे' हे गृहीतक काढून टाका. इतर ठिकाणी दर काही आवर्तनांनी नवी खूण रोवून ग्रिड तुकड्यातुकड्यानं आखता येतं. उलट, हाच डायनॅमिक प्रकार साध्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांना लावू नका; स्थिर गाण्यात तो नसलेले चढउतार शोधून काढतो.

इतकं करायला वेळ नसेल तर चार ठोक्यांचा लूप लावा. लूपमध्ये अडकलेले चार ठोके एकाच वेगानं फिरतात. त्यावर नवीन गाणं आणा आणि जुनं सोडून द्या.

११. वेगाचा स्लायडर टोकाला गेला तरी वेग पोहोचत नाही.

१२० चं गाणं १३० ला न्यायचं तर ८.३३ टक्के लागतात. तुमची कक्षा अधिक-उणे ८ वर असेल तर तेवढ्यासाठीच अडतं. ही आठची सवय टेक्निक्सच्या जुन्या टर्नटेबलपासून आलेली. कक्षा १० किंवा १६ वर न्या. फार मोठी मात्र ठेवू नका, नाहीतर स्लायडर केसभर हलला तरी गाणं उडी मारतं आणि हातानं बारीक जुळवणी होत नाही.

१२. वेग बदलला की गायकाचा आवाज लहान पोरासारखा होतो. की लॉक लावला तर किक मऊ पडते.

दोन्ही खरं. की लॉक, म्हणजेच मास्टर टेम्पो, बंद असेल तर साधारण सहा टक्के वेगाला स्वर अर्ध्या सुरानं चढतो. चालू असेल तर सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करून परत जोडतं, त्यात किकची धार बोथट होते. गायन असेल तर लावा, नुसते ड्रम असतील तर काढा. आणि दहा टक्क्यांच्या पुढं जावं लागत असेल, तर गाण्याची निवड चुकली आहे.

१३. नवीन गाण्याला सिंक दिलं आणि चालू गाणंच पळायला लागलं! लोक बघायला लागले.

सिंकमध्ये एक डेक म्होरक्या (मास्टर) असतो, बाकीचे त्याच्या मागून जातात. तुम्ही सिंक चालू डेकवर दाबलंत, किंवा सॉफ्टवेअरनं आपणहून म्होरकेपण नव्या डेकला दिलं. आपोआप मास्टर ठरवायची सेटिंग बंद करा आणि कुठला डेक मास्टर आहे ते बघायची सवय लावा.

याचंच भावंड: सिंक काढल्यावर स्लायडरला हात लावला आणि वेग एकदम उडाला. सिंकनं वेग आतल्या आत बदललेला असतो, हातातला स्लायडर मात्र जुन्याच जागी. काही सॉफ्टवेअरमध्ये स्लायडर खऱ्या वेगापाशी पोहोचेपर्यंत कामच करत नाही. ती सोय असेल तर चालू ठेवा. नसेल तर लोक ऐकत असलेल्या गाण्यावर सिंक काढूच नका.

१४. हेडफोनमध्ये मिक्स चोख, बाहेर फाटलेला. किंवा उलटं.

सगळ्यात आधी सॉफ्टवेअरमधून तो मिक्स रेकॉर्ड करा आणि घरी ऐका. हे रेकॉर्डिंग लॅपटॉपच्या आतच होतं. त्यात मिक्स जुळलेला असेल तर तुमचा हात आणि ग्रिड निर्दोष आहेत, उशीर बाहेर कुठंतरी होतोय. त्यातही फाटलेला असेल तर वरचे प्रश्न परत वाचा.

उशिराच्या जागा तीन. पहिली ब्लूटूथ. शंभर-दोनशे मिलिसेकंद त्यात सहज जातात, म्हणजे १२८ ला पाव ते जवळपास अर्धा ठोका. हेडफोन आणि स्पीकर दोन्ही वायरचेच हवेत. एक वायरचा आणि एक ब्लूटूथचा असेल तर जुळणं अशक्य. दुसरी, दोन वेगळी साउंड कार्ड: बाहेरचा आवाज कंट्रोलरमधून (जॉग आणि बटणं असलेल्या पेटीतून) आणि हेडफोन लॅपटॉपच्या जॅकमध्ये. दोघांचा उशीर वेगळा, आणि दोघांची आतली घड्याळंही वेगळी. हेडफोन कंट्रोलरलाच लावा. तिसरी जागा हवा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुम्ही मागच्या गाडीवर आणि डॉल्बीची भिंत वीस मीटर पुढं असेल, तर तुमच्या कानापर्यंत येईतो ५८ मिलिसेकंद गेले. त्या आवाजाला हेडफोनमधलं गाणं जुळवलंत, की समोरच्या लोकांना तेवढंच फाटलेलं ऐकू जाणार. सिस्टीमवाल्याचा प्रोसेसर यात आणखी थोडी भर घालतो.

१५. मिरवणुकीत शेजारच्या मंडळाच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. मग मिक्स करायचा कशावर?

बाहेरच्या आवाजावर विसंबूच नका. हेडफोनमध्ये मास्टर (बाहेर जाणारा आवाज) आणि क्यू (येणारं गाणं) दोन्ही घ्या. दोन्ही एकाच कार्डातून येतात, मध्ये हवा नाही, त्यामुळे जुळवणी खरी होते. स्प्लिट क्यूची सोय असेल तर एका कानात चालू गाणं, दुसऱ्यात येणारं. मॉनिटर (स्वतःसाठीचा स्पीकर) मिळत असेल तर तो डोक्याजवळच ठेवा. कान झाकणारा बंद हेडफोन घ्या, आणि त्याचा आवाज वाढवून वाढवून मिरवणुकीशी स्पर्धा करू नका. कान गेले तर या पानाचा उपयोग नाही.

१६. जॉग हलवला की परिणाम उशिरा. बफर कमी केला तर कडकड.

बफर म्हणजे लॅपटॉप आवाज पुढं पाठवायच्या आधी जेवढा साठवतो तेवढा. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पल म्हणजे ११.६ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २३. विंडोजवर कंट्रोलरसोबत आलेला एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात पोहोचवणारं सॉफ्टवेअर) घाला, २५६ पासून सुरू करा आणि कडकड थांबेपर्यंत एकेक पायरी वर जा. वायफाय बंद, पॉवर सेव्हिंग बंद, लॅपटॉप चार्जरवर. यूएसबीची वीज वाचवणारी विंडोजची सेटिंगही बंद करा. कार्यक्रमात कंट्रोलर अचानक गायब होतो त्यामागं कित्येकदा तीच असते.

१७. ग्रिड माझ्या लॅपटॉपवर चोख, मित्राच्या सॉफ्टवेअरवर सगळी गाणी थोडी सरकलेली.

गाणी एमपीथ्री आहेत ना? एमपीथ्रीच्या सुरुवातीला एन्कोडरनं घातलेली थोडी रिकामी जागा असते. ती काही सॉफ्टवेअर मोजतात, काही वगळतात. फरक साधारण २६ मिलिसेकंदांचा पडतो, एमपीथ्रीच्या एका फ्रेमइतका. सगळ्याच गाण्यांवर सारखाच फरक दिसला तर हेच कारण समजा. वेव्ह किंवा एआयएफएफ फाइलींना ही अडचण नाही. दुसऱ्याच्या सेटअपवर वाजवायचं असेल तर आदल्या दिवशी तिथं गाणी तपासा, किंवा आपला लॅपटॉप न्या.

व्हॉट्सॲपवरून फिरत आलेल्या फाइलींबद्दल विचारूच नका. चार वेळा कॉम्प्रेस झालेल्या, सुरुवात कापलेल्या गाण्याचं ग्रिड दुरुस्त करण्यापेक्षा ते गाणं विकत घेणं स्वस्त पडतं.

१८. सगळं जुळलंय, तरी मिक्सच्या वेळी बेस कुठं जातो? कधी गायब, कधी नुसती घरघर.

दोन किक आणि दोन बेसलाइन एकत्र चालू ठेवल्या आहेत. लाटा उलट-सुलट आल्या की एकमेकींना खातात, सारख्या आल्या की ॲम्प्लिफायर लाल होतो. येणाऱ्या गाण्याचा बेस शून्यावर ठेवून आणा आणि तुकड्याच्या सुरुवातीला (प्रश्न ६) एकाचा काढत दुसऱ्याचा चढवा. एका वेळी बेस एकाचाच.

१९. हळदीची गाणी १०० ला, पुढं ईडीएम १२८ ला. मध्ये कसं जायचं?

२८ टक्के ओढायचं नाही. एकतर गाणं इकोवर सोडून, क्षणभर शांतता देऊन नवीन थेट ड्रॉपपासून सुरू करा. हळदीत हेच जास्त चालतं, कारण लोकांना तो धक्का आवडतो. दुसरी युक्ती थोडी चलाखीची: १०० चं गाणं चार टक्क्यांनी उतरवून ९६ वर आणा आणि त्याच्या किकवर पाऊण ठोक्याचा लूप लावा. ९६ ला पाऊण ठोक्याचा लूप मिनिटात १२८ वेळा फिरतो. त्या ठोक्यावर १२८ चं गाणं हातानं सोडा, कारण सिंक अजूनही ९६ च समजत असतं. जमलं की सभामंडपातल्या कुणाला वेग बदललेला कळत नाही. घरी पक्कं झाल्याशिवाय मात्र करू नका.

२०. दहा वाजायला दोन मिनिटं उरलीत, पोलीस समोर उभे, आणि बीट बसत नाही. काय करू?

मिक्स करूच नका. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. ठरावीक दिवशी सरकारनं मुभा दिली तर १२ पर्यंत. चालू गाण्याचा तुकडा संपू द्या, शेवटच्या समेवर आवाज खाली. शेवटचं गाणं कोणतं हे साडेनऊलाच ठरवून डेकवर लोड करून ठेवा.

२१. आणि चालू कार्यक्रमात सगळ्यांसमोर फाटलाच, तर?

दोन्ही गाणी जुळवत बसू नका. जॉगनं दोन-तीन सेकंदांत सावरलं तर ठीक. नाहीतर येणाऱ्या गाण्याचा फेडर (आवाजाची पट्टी) खाली, तुकडा संपेपर्यंत जुनं गाणं एकटं चालू द्या, तेवढ्यात हेडफोनमध्ये प्रश्न २ विचारा: सुरुवातीला चुकलं की सरकत गेलं? सरकत गेलं असेल तर त्या गाण्याला आज लांब मिक्स नाही, चार ठोक्यांत कापून आणा. जुनं गाणं संपतच आलं असेल तर शेवटच्या स्वच्छ चार ठोक्यांचा लूप लावून वेळ काढा. आणि चेहरा हसरा ठेवा, कारण समोरची पोरं स्क्रीन बघत नाहीत, तुमचं तोंड बघतात.